दुसऱ्या किल्लीचा अहवाल

ती. आत्या,

नमस्कार, दोन्ही पायांना, आणि त्यातल्या दुखऱ्या गुडघ्याला थोडा जास्त. तुझं पत्र बुधवारी मिळालं. गुडघ्याचं तेल बदललंस आणि त्याच्या वासाने शेजारीण यायची थांबली, हे वाचून तेलाचा गुण आला असं धरून चालते. मी बरी आहे. बाबा जसे होते तसे आहेत. वजन बासष्ट किलो, रक्तदाब गोळी घेऊन ठीक, बोलणं दिवसाला साधारण तीस शब्द (मी मोजत बसत नाही, पण माझे अंदाज सहसा चुकत नाहीत). त्यांना वर्तमानपत्र आणून देते. ते संध्याकाळी जसंच्या तसं घडी न मोडता परत मिळतं.

येत्या रविवारी येऊन तू 'ती दुसरी किल्ली आणि ती गाडी, दोन्हींचा निकाल' लावणार आहेस असं लिहिलंस. तू इतकी वर्षं मुख्याध्यापिका होतीस, निकाल लावणं तुला येतं, त्याबद्दल शंका नाही. तुझ्या ओळखीच्या एका कुटुंबाला गाडी हवी आहे आणि त्यांना दोन्ही किल्ल्या लागणार, हेही समजलं. दुसऱ्या किल्लीबद्दल पत्राच्या शेवटी लिहिते. आधी पहिल्या किल्लीबद्दल लिहिणं भाग आहे. गेले पाच आठवडे माझा सगळा मोकळा वेळ तिने खाल्ला आहे, आणि ते सांगितल्याशिवाय शेवटचं कळणार नाही.

तुला पुष्कळसं माहीत आहे, तरी क्रमाने मांडते. आठ महिन्यांपूर्वी सिग्नलला थांबलेले असताना स्टिअरिंगवरच बाबांची शुद्ध गेली. आठ सेकंद. गाडी आपल्या आपण पुढे सरकली आणि एका झाडाच्या कठड्याला टेकून उभी राहिली. कुणाला काही झालं नाही, कठड्यालाही नाही. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, यापुढे गाडी चालवायची नाही, कधीच नाही. ज्या माणसाने एकतीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवली त्याला हे सांगायला डॉक्टरांना साधारण तेवढेच सेकंद लागले. मग त्या आठवड्याच्या शेवटी तू आलीस, टेबलावर स्टीलची वाटी ठेवलीस आणि मुलांकडून गोट्या जप्त कराव्यात तशी म्हणालीस, "किल्ल्या." बाबांनी एक टाकली. "दुसरी?" "हरवली." "कुठे?" "ते आठवलं असतं तर हरवली कशाला म्हटलं असतं?" त्यावर तू घर पालथं घातलंस, पिठाच्या डब्यातसुद्धा हात घातलास. (त्या दिवशी जाईपर्यंत तुझ्या कोपराला पीठ होतं. सांगायची कुणाची हिंमत झाली नाही.) किल्ली मिळाली नाही. वाटीतली मला मिळाली. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, तेव्हा दुसरा वारस नव्हता.

तेव्हापासून गाडी मी चालवते. टपावरची 'शिकाऊ' पाटी काढली, तिच्या पायांच्या चार खुणा राहिल्या. शेजारच्या सीटपुढे शिकवणाऱ्याचे जादा ब्रेक आणि क्लच होते, तेही काढून घेतले. बाबांच्या पायाला मात्र हे कळवलेलं नाही. मी वळणावर आले की त्यांचा पाय पायपुसण्यावर दाबला जातो, आणि तिथे आता एक भोक पडलं आहे. बोलतात ते एकेक शब्द. "आरसा." "गिअर." "आरसा." एरवीचे त्यांचे नियम मला पाठ आहेत, त्यांनीच शिकवलं मला. दार उघडण्याआधी मागे बघायचं. रागावलेल्या माणसाला पुढे जाऊ द्यायचं. दुसरी किल्ली कायम शिकवणाऱ्याच्या खिशात. (हा नियम जुन्या गाडीच्या वेळचा. एका शिकाऊ बाईंनी इंजिन चालू ठेवून, किल्ली आत ठेवून दार लावून घेतलं, आणि मग पेट्रोल संपेपर्यंत दोघं काचेतून आत बघत उभे होते.)

आता मूळ मुद्दा. पाच आठवड्यांपूर्वी एका मंगळवारी बाबांना व्यायामवाल्या डॉक्टरबाईंकडे नेत असताना डॅशबोर्डवर अक्षरं आली, 'किल्लीची बॅटरी कमी आहे', आणि तीनदा टुंग टुंग झालं. बाबांनी वाचलं आणि म्हणाले, "सेल बदल." दोन शब्द, पण महिन्याभरात माझ्या चालवण्याखेरीज एखाद्या वस्तूविषयी बोललेले पहिलेच, म्हणून मी त्याच संध्याकाळी घड्याळवाल्याकडे गेले. आपल्या भागात असले चपटे गोल सेल तोच ठेवतो. डोळ्याला भिंग लावून तो किल्लीकडे असा बघत राहिला, जणू तिची वेळ चुकते आहे. दिलेला सेल मी घरी येऊन मोजला तर जाडी अडीच मिलिमीटर. हवी तीन पूर्णांक दोन. रुंदी तेवढीच असते म्हणून बसतो, पण आत खुळखुळतो. परत गेले. तो म्हणाला, "ताई, घड्याळात चालतो हा." मी म्हटलं, गाडी घड्याळ नाही. "पण वेळ तीही दाखवतेच की," असं म्हणून त्याने योग्य सेल दिला. तो घरी येऊन बसवला, वर शाईच्या पेनने तारीख घातली (आपल्या घरात भिंतीवरच्या घड्याळापासून विजेरीपर्यंत प्रत्येक सेलवर तारीख असते, तूच म्हणायचीस की तुझा भाऊ एक दिवस माणसांवरही तारखा घालील), आणि शुक्रवारी पुन्हा निघालो. टुंग टुंग टुंग. बाबा म्हणाले, "चांगला घे."

इथून पुढे माझ्या स्वभावाचा दोष सुरू होतो. तुला ठाऊक आहे, मी पोटासाठी दुसऱ्यांच्या वजनकाट्यांच्या चुका शोधते. प्रयोगशाळेत काटा येतो, मी त्यावर प्रमाणित वजनं ठेवते, काटा किती खोटं बोलतो ते लिहिते आणि सही करते. एखादी वस्तू खोटं बोलते आहे असं दिसलं की मला जेवण जात नाही. मी सेलचा विजेचा दाब मोजला, उत्तम होता. पत्र्याची टोकं स्पिरिटने पुसली. बोटांच्या तेलकटपणामुळे संपर्क बिघडतो म्हणून पुढचा सेल चिमट्याने बसवला. किल्ली उघडताना तिच्या कडेचा प्लास्टिकचा दात मोडला, तेव्हापासून तिला रबरबँड आहे. तिसऱ्या आणि चौथ्या सेलनंतरही तेच. घड्याळवाला माझी पावलं ओळखायला लागला. पाचव्या खेपेला मी दुकानाची पायरी चढायच्या आधीच तो आतून म्हणाला, "सेल संपले." मागच्या काचेच्या खणात अख्खं पाकीट दिसत होतं. मी तिकडे पाहिलं. त्यानेही पाहिलं. "हे घड्याळांचे आहेत," तो म्हणाला. "यांना मी तुमच्याकडे पाठवणार नाही."

मग वर्कशॉप. तिथे टाय लावलेला एक सल्लागार असतो, तो गाडीकडे न बघता सल्ला देतो. बाबांना बाहेरच्या खुर्चीवर बसवलं आणि मी सल्लागाराला शेजारी घेऊन एक चक्कर मारली. सूचना आली नाही. दुसरी चक्कर, तीही स्वच्छ. दाताच्या डॉक्टरकडे गेल्यावर ज्याचा दात दुखायचा थांबतो त्याच्याकडे बघतात तसं माझ्याकडे बघत तो म्हणाला, "मॅडम, गाडी अगदी नॉर्मल आहे. घरी काही टेन्शन?" मी त्याला उतरवलं, बाबांना बसवलं, फाटकाबाहेर पडले. टुंग टुंग टुंग. बाबा म्हणाले, "यांना काही येत नाही." चार शब्द.

घरी येऊन मी नोंदवही काढली. एकोणीस दिवसांची नोंद: तारीख, वेळ, तापमान, पेट्रोल, सूचना आली की नाही. सूचना फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी येत होती, शिवाय एका रविवारी. मी एकटी कामावर जाते तेव्हा एकदाही नाही. म्हणजे दोष शेजारच्या सीटवर वजन आलं की उमटतो, सीटखालची एखादी तार दबत असणार, हे उघड होतं. उघड गोष्टींवर माझा विश्वास नसतो, म्हणून मी साहेबांची लेखी परवानगी घेऊन प्रयोगशाळेतून बासष्ट किलोची प्रमाणित वजनं आणली (वीसची तीन आणि एकची दोन), ती बाबांच्या सीटवर रचली, पट्टा लावला आणि संध्याकाळी सोसायटीभोवती अकरा फेऱ्या मारल्या. अंधुक प्रकाश होता. फाटकावरचा पहारेकरी दर फेरीला वजनांकडे बघून "काका, बरं वाटतं ना आता?" असं विचारत होता. वजनांनी उत्तर दिलं नाही, आणि त्याला त्यात काही वेगळं वाटलं नाही. ते मला जरा लागलं.

सूचना एकदाही आली नाही. मी वहीत लिहिलं: 'वजनाचा दोष नाही. बाबांचा आहे.' ते वाक्य थोडा वेळ बघितलं आणि वही मिटली.

त्यानंतर गुरुवारी दोष सापडला आणि शुक्रवारी दुरुस्त केला. आता सूचना येत नाही. तपशील तांत्रिक आहेत, तुला कंटाळा येईल. दुसऱ्या किल्लीबद्दल एवढंच की ती हरवलेली आहे असं समजून चालावं. एका किल्लीची गाडी तुझ्या ओळखीचे लोक घेणार नाहीत, हे मलाही पटतं. तेव्हा या रविवारी गुडघ्याला एवढ्या प्रवासाचा त्रास देऊ नयेस असं मला वाटतं. तेल लावत राहा.

तुझी भाची

ता. क. पाकीट बंद केलं होतं, उघडलं. तू शाळेत मुलांच्या कोऱ्या चेहऱ्यावरून चोरी ओळखायचीस, आणि वरचा शेवटचा परिच्छेद मला वाचताना तसाच कोरा वाटला. तपशील लिहिते.

गुरुवारी मी कामावर बसने गेले-आले. वजनं आदल्या दिवशीच परत करून झाली होती, गाडी लागत नव्हती. फाटकातून आत आले तर आपली गाडी तिच्या जागेवर उभी होती आणि तिचे दिवे दोनदा लागून विझले. जवळ कुणी नव्हतं. थोड्या वेळाने पुन्हा, एकदा. मग पुन्हा दोनदा. एकदा म्हणजे कुलूप लागलं, दोनदा म्हणजे उघडलं. मी वर पाहिलं. तिसऱ्या मजल्यावर, आपल्या खिडकीत, पडदा एका बाजूला घेऊन बाबा उभे होते आणि त्यांचा हात गजातून थोडा बाहेर होता. मी खांबामागे उभी राहिले. लपायचं काही कारण नव्हतं, मी त्याच घरात राहते. दहा मिनिटांत चौदा वेळा. प्रत्येक वेळी दिवे लागले की ते मान थोडी हलवायचे, समोरच्याने बरोबर उत्तर दिल्यासारखी. आत्या, आमच्या घरात मी काही विचारलं तर उत्तर यायला कधी कधी दुपार होते. गाडी लगेच देते.

या गाडीत किल्ली खोचावी लागत नाही, खिशात असली तरी गाडी तिला ओळखते, आणि एकाच वेळी आत दोन किल्ल्या असल्या तर सेल कुठल्या किल्लीचा संपत आला ते डॅशबोर्ड सांगत नाही. मी पाच आठवडे निर्दोष किल्लीवर इलाज करत होते.

ता. क. २ शुक्रवारी डॉक्टरबाई बाबांना कोट काढून व्यायाम करायला लावतात. कोट बाहेरच्या खुंटीवर असतो आणि मला वीस मिनिटं मिळतात. किल्ली आतल्या खिशात, चष्म्याच्या डबीत होती. (चष्मा डोळ्यांवर होता. डबी सोबत का असते हे आठ महिन्यांत माझ्या डोक्यात आलं नाही, आणि मला लोक चुका शोधायचा पगार देतात.) शिकवणाऱ्याच्या खिशात. ते माझ्या शेजारी बसतात तेव्हा त्यांच्या लेखी काय चाललेलं असतं ते मला तेव्हा कळलं. मी त्यांना आणतेय नेतेय असं धरून चालले होते.

किल्ली उघडली. आत सेलवर तारीख होती, त्यांच्या अक्षरात. डॉक्टरांनी नाही म्हटलं त्याच्या दुसऱ्या दिवसाची. म्हणजे तू वाटी घेऊन आलीस त्याच्या तीन दिवस आधी ते जिने उतरून त्या घड्याळवाल्याकडे गेले होते आणि 'हरवलेल्या' किल्लीसाठी नवा सेल घेऊन आले होते. असा सेल तीन वर्षं सहज जातो. त्यांनी तो आठ महिन्यांत संपवला.

माझ्या पर्समध्ये आधी काढलेले माझे चार बिनदोष सेल होतेच. एकावरची माझी तारीख स्पिरिटने पुसली, तो बसवला, आणि त्यावर त्यांचीच तारीख, त्यांच्यासारखा आकडा काढून घातली. त्यांचा सात थोडा झुकतो. मी आजवर शेकडो प्रमाणपत्रांवर सह्या केल्या आहेत, आणि कुठेही खोटी तारीख घातलेली नाही. ही पहिली. हे पत्र तू फाडून टाकावंस.

ता. क. ३ तू आता पुढे काय विचारशील ते माहीत आहे. तेच मी खुंटीपाशी स्वतःला विचारलं. ते कुणी नसताना खाली उतरले आणि गाडी सुरू केली तर? सेल काढून घेऊन भागत नाही. संपलेल्या सेलची किल्लीसुद्धा गाडी सुरू करायच्या बटणाला टेकवली तर इंजिन सुरू होतं. म्हणून त्या दिवसापासून गाडी लावली की मी बॉनेट उघडून स्टार्टरचा रिले काढून घेते. बोटाच्या पेराएवढा काळा ठोकळा असतो. तो नसला की दिवे लागतात, कुलूप उघडतं, लागतं, सगळं होतं. इंजिन तेवढं सुरू होत नाही. तो माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात असतो. रोज सकाळी परत बसवते.

चार दिवस मला वाटलं की फार व्यवस्थित जमलं आहे. काल जेवताना बाबा पानावरून नजर न उचलता म्हणाले, "बॉनेट आपटतेस. दोन्ही हातांनी दाबून लावावं." मी "बरं" म्हटलं. थोड्या वेळाने म्हणाले, "रिले सरळ ओढायचा. हलवून काढला तर पाय वाकतात." मी पुन्हा "बरं" म्हटलं. मग त्यांनी भात मागितला.

खिडकीत ते असतातच, हे मी कसं विसरले ते मला सांगता येत नाही. आज सकाळी गाडीत "आरसा" म्हणाले नाहीत, कारण मी बघितला होता.

ता. क. ४ तर मागणी अशी. रविवारी ये. मी वर येऊ नकोस लिहिलं आहे, ते धरू नकोस. तू आली नाहीस तर त्यांना कळेल की मी काहीतरी कळवलं आहे. फक्त वाटी मागू नकोस. त्या कुटुंबाला दुसरी गाडी बघायला सांग, आपल्या गाडीत दोष आहे आणि तो सापडत नाही असं सांगितलंस तरी चालेल, वर्कशॉपचा सल्लागार साक्ष देईल. ही गाडी गेली तर बाबांना खिडकीत उभं राहायला काही उरणार नाही, आणि ते मग कुठे उभे राहतील ते मला माहीत नाही. मी सगळ्या बाजूंनी विचार करून पाहिला. तुला घ्यायला आम्ही दोघं येऊ. तू मागे बस. पुढची सीट भरलेली आहे.

येताना तिकडच्या दुकानातून दोन हजार बत्तीस नंबरचे सहा सेल आण. इथला माणूस मला देत नाही. त्यांच्यावर तारीख घालू नकोस, ती मी घालीन.